मिसळणे आणि जुळणे : खतांतील मिश्रणे व संयुगे

डीएपी खरे आहे की बनावट, हे पाहण्याची एक जुनी रीत गावोगावी ठाऊक आहे. खताचे चार दाणे तळहातावर घ्यावेत, तंबाखूत घालतात तोच चुना त्यांवर लावावा आणि तंबाखूप्रमाणेच अंगठ्याने मळावे. खत अस्सल असेल तर क्षणभरात नाकाला झोंबणारा उग्र वास येतो. (त्यानंतर हात स्वच्छ धुवावेत, हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु पडते.)

हा वास आला कोठून? दाण्याला वास नव्हता. चुन्यालाही नव्हता. दोन गंधहीन पदार्थ केवळ एकमेकांत मिसळले असते, तर तिसरा, नवा गुणधर्म प्रकट होण्याचे कारण नव्हते. जोंधळ्यात गहू मिसळला तरी जोंधळा जोंधळाच राहतो आणि गहू गहूच. तळहातावर मात्र वेगळे काही घडले. डीएपी म्हणजे डाय अमोनियम फॉस्फेट. त्यात अमोनियम आणि फॉस्फेट हे घटक रासायनिक बंधाने जुळलेले असतात. चुन्याने तो बंध तोडला, अमोनिया मोकळा झाला आणि वायुरूपाने नाकापर्यंत पोहोचला.

शालेय रसायनशास्त्रातील मिश्रण आणि संयुग यांचा भेद हाच. मिश्रणात घटक शेजारी शेजारी राहतात, आपापले गुणधर्म राखतात, कोणत्याही प्रमाणात एकत्र येतात आणि चाळणे, विरघळवणे, उडवणे, चुंबक फिरवणे अशा भौतिक उपायांनी पुन्हा वेगळे करता येतात. संयुगात मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणातच जुळतात, घटकांचे मूळ गुणधर्म लोपतात आणि त्यांना वेगळे करण्यासाठी रासायनिक अभिक्रियाच करावी लागते. आपण श्वासावाटे घेतो ती हवा हे मिश्रण आहे. तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही गव्हाच्या मुळांना त्याचा थेट उपयोग नाही. तोच नायट्रोजन हायड्रोजनशी जुळून अमोनिया झाला की खतांचा सारा उद्योग उभा राहतो.

परीक्षेपुरता हा भेद सर्वांनी पाठ केलेला असतो. शेतीत मात्र तो पैशांचा प्रश्न होतो. कोणते खत कोणात मिसळावे, कोणते मिसळू नये, मिसळल्यावर किती वेळ ठेवावे, पिशवीवरील आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा, या प्रश्नांची उत्तरे याच भेदात दडलेली आहेत. आणि पिशवीवरील नावे याबाबतीत फारशी मदत करीत नाहीत. उलट काही वेळा दिशाभूल करतात.

आकडे काय सांगतात

युरियाच्या पिशवीवर नत्र ४६ टक्के असे छापलेले असते. हा आकडा कोणा कारखानदाराने ठरवलेला नाही. युरियाच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन, हायड्रोजनचे चार आणि कार्बन व ऑक्सिजनचे प्रत्येकी एक असे अणू असतात. त्यांच्या वजनांचा हिशेब केला तर शुद्ध युरियात नत्राचे प्रमाण सुमारे ४६.६ टक्के येते. त्याहून अधिक येऊच शकत नाही. ५० टक्के नत्राचा युरिया कोणी विकू लागला, तर तो युरिया नव्हे इतके प्रयोगशाळेत न जाताही सांगता येईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा नियम मांडला. खनिजरूपात सापडणारे तांब्याचे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनवलेले तांब्याचे कार्बोनेट यांत तांब्याचे प्रमाण सारखेच भरते, हे त्याने दाखवले. त्याचा समकालीन बर्थोले यास हे मान्य नव्हते. प्रमाणे बदलू शकतात असे तो म्हणे आणि उदाहरणादाखल मिश्रधातू, काच, द्रावणे पुढे करी. वाद कित्येक वर्षे चालला. अखेरीस लक्षात आले की बर्थोलेची उदाहरणे खोटी नव्हती. ती मिश्रणांची होती. म्हणजे दोघांच्या वादाच्या मुळाशी हाच आपला विषय होता.

डीएपीचा हिशेब थोडा निराळा आहे. शुद्ध डाय अमोनियम फॉस्फेटमध्ये नत्र सुमारे २१ टक्के आणि स्फुरद सुमारे ५४ टक्के यावयास हवे. पिशवीवर मात्र १८:४६ असते. यात फसवणूक नाही. खनिज फॉस्फेटपासून बनवलेल्या आम्लात लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांची थोडीबहुत अशुद्धी येतेच आणि ती दाण्यात उतरते. म्हणजे पिशवीतील डीएपी हे मुख्यतः एका संयुगाचे, परंतु काटेकोर अर्थाने मिश्रणच असते. पालाशाचेही तसेच आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड. ते स्वतः रंगहीन असते. बाजारातील 'लाल पोटॅश'चा रंग त्यात अडकलेल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. लाल म्हणजे अधिक कसदार, अशी समजूत अनेकांच्या मनात आहे. त्या रंगाचा पालाशाशी काही संबंध नाही. पाण्यात टाकल्यावर पोटॅश विरघळतो आणि लालसर गाळ वेगळा राहतो, यावरूनच तो मिसळलेला आहे, जुळलेला नाही, हे दिसून येते.

नावांचा घोळ

खतांच्या परिभाषेत 'मिश्र खते' आणि 'संयुक्त खते' असे दोन वर्ग आहेत. 'संयुक्त' हा शब्द ऐकून ते संयुग असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे नाही. १०:२६:२६ सारखे संयुक्त खत कारखान्यात रासायनिक अभिक्रिया घडवून बनवतात आणि त्याच्या प्रत्येक दाण्यात नत्र, स्फुरद, पालाश हे तिन्ही घटक असतात. तरी त्या एका दाण्यात अमोनियम फॉस्फेट, पोटॅशियम क्लोराइड अशी अनेक संयुगे एकत्र नांदत असतात. अर्थात, संयुक्त खत हे संयुगांचे मिश्रण होय. मिश्र खतात तयार खते एकत्र कालवलेली असतात आणि तेथील प्रमाण माणूस ठरवतो. १८:१८:१० हवे तर तसे, दुसरे हवे तर तसे.

याच्या अगदी उलट उदाहरण बोर्डो मिश्रणाचे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना आणि कोकणातील सुपारीवाल्यांना ते परिचित आहे. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर हे एक टक्क्याचे प्रमाण. बोर्डो विद्यापीठातील मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरील केवडा रोगासाठी त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मालक हा निळा रंग शिंपडीत असत आणि त्याच वेलींची पाने टिकून राहिली, हे त्यांच्या नजरेस आले होते.

नाव 'मिश्रण' असले तरी मोरचूद व चुना एकत्र आल्यावर दोघेही पूर्वीचे राहत नाहीत. मोरचुदाचे निळे, पारदर्शक द्रावण आणि चुन्याची पांढरी निवळी यांपासून आकाशी रंगाचा, पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. त्यात तांब्याची नवी संयुगे असतात आणि सोबत जिप्सम. हा साका पानाला चिकटतो आणि त्यातून तांबे अगदी थोडे थोडे सुटत राहते; बुरशीस मारण्यास ते पुरते, पानास जाळण्याइतके ते नसते. मोकळे मोरचूद मात्र पान जाळते. म्हणूनच फवारणीपूर्वी लोखंडी खिळा किंवा विळा त्या द्रावणात बुडवून पाहण्याची शिफारस केली जाते. लोखंडावर तांबूस थर चढला, तर काही मोरचूद अजून जुळलेले नाही, आणखी चुना हवा, असा त्याचा अर्थ. लोखंडी भांडे वापरू नये ते याच कारणाने. तयार केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे लागते, कारण हा साका कालांतराने स्फटिकरूप घेतो आणि त्याची पानाला चिकटण्याची शक्ती कमी होते.

निंबलेपित युरिया : न बदललेला युरिया

मिसळणे आणि जुळणे यांतील फरक समजावून देण्यास दिल्ली परिसराचे एक उदाहरण विशेष उपयोगी आहे. भारतीय कृषी संशोधन संस्था मूळची बिहारमधील पुसा गावची. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची मोठी हानी झाल्यावर १९३६ मध्ये ती दिल्लीस आली आणि येताना गावाचे नावही घेऊन आली. याच संस्थेत १९७० च्या दशकाच्या आरंभी राजेंद्र प्रसाद व त्यांचे सहकारी भातासाठी दिलेल्या युरियातील नत्र वाया कसा जाणार नाही, याचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी कडुनिंबासारख्या देशी पदार्थांचे प्रयोग केले.

युरिया जमिनीत पडल्यावर काही दिवसांतच त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते. पुढे नायट्रोसोमोनास हे जिवाणू अमोनियमचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते, आणि भातखाचरातील प्राणवायूविरहित चिखलात वायुरूप होऊन उडूनही जाते. कडुनिंबातील द्रव्ये त्या पहिल्या जिवाणूंचा वेग मंदावतात आणि नत्र मुळांच्या आवाक्यात अधिक काळ टिकतो.

येथे युरियाचा रेणू तसूभरही बदललेला नसतो. तेल दाण्याच्या पृष्ठभागावर बसलेले असते, इतकेच. नत्राचे प्रमाण तेच, विद्राव्यता तीच. 'नीम कोटेड युरिया हा नवीन रसायनाचा युरिया आहे' असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. ते मिश्रण आहे आणि ते मिश्रण असल्याचा पुरावा त्याच्या तपासणीतच आहे. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात निंबतेल किमान ०.०३५ टक्के असावे लागते आणि ते मोजताना दाणे बेंझिन या द्रावकाने धुऊन तेल वेगळे काढतात. साध्या धुण्याने जे निघून येते ते जुळलेले नव्हते.

पानिपत आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. तेथील नॅशनल फर्टिलायझर्सच्या कारखान्यात २००२ मध्ये निंबतेलाचा लेप देण्याची पद्धत बसवण्यात आली आणि २०१५ मध्ये केंद्र शासनाने देशातील सर्व अनुदानित युरियाला हा लेप बंधनकारक केला. त्यामागे नत्राच्या बचतीइतकाच दुसरा हेतू होता : शेतीच्या नावाखाली घेतलेला स्वस्त युरिया प्लायवूडच्या डिंकासाठी वा अन्य उद्योगांत जाऊ नये.

लेप किती असतो याचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा करून पाहावा. ४५ किलोच्या पिशवीत ०.०३५ टक्के म्हणजे सुमारे १६ ग्रॅम तेल. चहाचे तीन-चार चमचे म्हणा. आपल्याकडे युरियात निंबोळी पेंड मिसळण्याची शिफारस पाच भाग युरियास एक भाग पेंड अशी असते, म्हणजे त्याच पिशवीस नऊ किलो. तेल आणि पेंड यांची थेट तुलना करणे योग्य नाही. तरीही पिशवीवर 'नीम' लिहिले आहे म्हणून मात्रा विभागून देण्याचे किंवा खत मातीआड करण्याचे कष्ट वाचले, असे मानणे प्रस्तुत लेखकास धाडसाचे वाटते. लेपामुळे नायट्रेट बनण्याचा वेग कमी होतो. कोरड्या जमिनीवर फेकलेल्या युरियातून अमोनिया उडून जाणे त्याने थांबत नाही.

टाकीत आणि बांधावर

मिसळताना नकळत संयुग तयार होण्याचे सर्वांत महाग पडणारे ठिकाण म्हणजे ठिबक संचाची टाकी. कॅल्शियम नायट्रेट पूर्ण विरघळते. १२:६१:०० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, तेही पूर्ण विरघळते. दोन्ही एकाच टाकीत घट्ट द्रावणाच्या रूपात एकत्र केले की पाणी दुधाळ होते. कॅल्शियम आणि फॉस्फेट जुळून न विरघळणारे नवे संयुग तयार होते. ते तोट्यांमध्ये बसते आणि नंतर आम्लाने धुऊनही पूर्ण निघेल असा भरवसा नसतो. दोन्ही खतांचे पैसे गेले, स्फुरद पिकाला मिळाले नाही आणि नळ्यांचाही खर्च वाढला. कॅल्शियम नायट्रेटबरोबर मॅग्नेशियम सल्फेट किंवा ०:०:५० दिल्यास फॉस्फेटऐवजी जिप्सम तयार होते. जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. त्यामुळे पातळ द्रावणात ते दिसत नाही आणि घट्ट द्रावणात साकळते. सोनीपतच्या हरितगृहांत असो की बारामतीच्या, कॅल्शियमसाठी निराळी टाकी ठेवतात ती यासाठीच. आणि विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी स्वतःच जड असेल, तर कॅल्शियम पाण्यातूनच आलेले असते. शंका असल्यास काचेच्या बरणीत त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात खते घालून तास-दोन तास ठेवावे. गढूळ झाले वा तळाशी काही बसले, तर ती जोडी टाकीत नको.

बांधावर युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. सकाळी कोरडे कालवलेले खत दुपारी ओलसर, चिकट होते, हा अनुभवही सर्रास आहे. दोष हवेतील दमटपणास दिला जातो आणि तो अंशतः खराही असतो. परंतु त्यात रसायनही आहे. सुपर फॉस्फेटमधील मोनो कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकात पाण्याचा एक रेणू बांधलेला असतो. युरियाचे चार रेणू येऊन त्याची जागा घेतात आणि ते पाणी बाहेर पडते. म्हणजे खताला पाणी बाहेरून लागत नाही. ते त्याच्या पोटातूनच सुटते. पोषणद्रव्ये यात नष्ट होत नाहीत, खत केवळ पेरण्याजोगे राहत नाही. तेव्हा हे दोन कालवायचेच असतील, तर पेरणीच्या वेळीच कालवावेत आणि लगेच संपवावेत. रात्रभर ठेवू नयेत.

तळहातावरील चुन्याची परीक्षा शेतात घडली, तर तो तोटा होतो. अमोनियम सल्फेट, डीएपी यांसारखी खते चुना किंवा लाकडाची राख यांच्यासोबत दिली की अमोनिया सुटतो. चुनखडीयुक्त जमिनीत पृष्ठभागावर ही खते फेकली तरी कमी-अधिक प्रमाणात तेच होते. उडालेला अमोनिया संपून जात नाही. हवेतील नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांशी जुळून तो अमोनियम नायट्रेट व अमोनियम सल्फेट यांचे अतिसूक्ष्म कण बनतो. हिवाळ्यात दिल्लीवर जे धुके साचते, त्यातील पीएम २.५ कणांत ही संयुगे असतात. आम्ले वाहनांच्या व वीजकेंद्रांच्या धुरातून येतात आणि अमोनियाचा मोठा भाग गोठ्यांतून व शेतांतून. ज्या नत्रासाठी शेतकऱ्याने पैसे मोजले, तो अखेरीस शहराच्या फुप्फुसांत जातो.

नमुना कोठून घ्यावा

चुन्याच्या परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. दाणेदार सुपर फॉस्फेट डीएपी म्हणून विकले जात असेल, तर ही परीक्षा ते पकडते, कारण सुपरमध्ये अमोनियम नसतो. परंतु २०:२०:०:१३ सारखे खतही असाच वास देते. वास अमोनियमचा आहे; तो डीएपीचाच आहे असे नाही. युरिया या परीक्षेत गप्प राहतो, कारण त्यातील नत्र अमोनियमच्या रूपात नसतो. युरियासाठी तापलेला तवा बरा : शुद्ध युरिया साधारण १३३ अंश सेल्सिअसला वितळतो आणि आच वाढवली की तव्यावर काही न ठेवता उडून जातो. मागे काही उरले, तर ते मिसळलेले होते. वाफ उग्र असते, म्हणून हे उघड्यावर करावे आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

अंतिम निवाडा प्रयोगशाळेचाच. फरीदाबाद येथे केंद्रीय खत गुणनियंत्रण व प्रशिक्षण संस्था आहे आणि तिच्या प्रादेशिक प्रयोगशाळांपैकी एक नवी मुंबईत आहे. तेथे पोहोचणारा नमुना कसा घेतला, यावर निष्कर्षाचे बरेच काही अवलंबून असते, आणि येथे पुन्हा तोच भेद पुढे येतो. पिशवीत एकच संयुग असेल, तर वरची चिमूट आणि तळाची चिमूट सारखीच. भौतिक मिश्रणात मात्र दाण्यांचे आकार व वजने निरनिराळी असतात. मालमोटारीच्या धक्क्यांनी बारीक दाणे खाली सरकतात आणि जाडे वर राहतात. म्हणून निरीक्षक वरून मूठ भरून घेत नाही. तो पिशवीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी पोकळ सळी घालतो आणि अनेक पिशव्यांतील नमुने एकत्र करतो. शेतकऱ्यानेही मिश्र खताची पिशवी थेट पाभरीच्या चाड्यात रिती करण्यापूर्वी ती ताडपत्रीवर ओतून फावड्याने दोन-तीनदा खालीवर करावी. तसे न केल्यास शेताच्या एका कडेला नत्र अधिक आणि दुसऱ्या कडेला पालाश अधिक पडतो, आणि पीक ढगाळ पट्ट्यांसारखे कोठे हिरवे, कोठे पिवळे दिसू लागते.